वनौषधींमधल्या जंतूंची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चूर्ण, गोळ्या, कॅप्सूल, काढ्याचा भरडा, अर्क, तेल, लेप अशा रूपांत वनौषधी प्रयोगशाळेत येतात आणि त्यांच्यासोबत प्रश्नही येतात. माल पाठवणारे उत्पादक विचारतात, औषध घेणारे विचारतात, आमच्याकडे नव्याने शिकायला आलेली मुलंही विचारतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुका होताना दिसतात.

वनस्पती तर नैसर्गिक आहे. मग तिच्यात जंतू कुठून येणार?

ती नैसर्गिक आहे म्हणूनच येणार. मूळ मातीतून उपटलेलं असतं आणि चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पानांवर वाऱ्याने आलेल्या बुरशीच्या कणांचा थर असतो. पक्ष्यांची विष्ठा, उंदीर, न कुजलेलं शेणखत, धुण्यासाठी वापरलेलं पाणी, वाळवणाची जागा, पोती, दळणयंत्र आणि माणसाचे हात, प्रत्येक टप्प्यावर काही ना काही भर पडते. रासायनिक खतं-फवारणी टाळून पिकवलेली वनस्पती या बाबतीत आपोआप सुरक्षित ठरत नाही. तो वेगळा गुण आहे.

वनस्पतीवर जंतू असणं हा दोष नाही. त्यातले बहुतेक माणसाला काहीही करत नाहीत. कोणते आहेत आणि किती आहेत, एवढंच पाहायचं असतं. आणि हे पाहणं का महत्त्वाचं, तर वनौषधी घेणारा माणूस बऱ्याचदा आधीच आजारी असतो. तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारी माणसं, कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण यांना थोडेसे जंतूही पुरतात.

पण माल तर कडकडीत वाळवलेला असतो. वाळल्यावर जंतू मरत नाहीत का?

हा सर्वांत पक्का गैरसमज. वाळवल्याने जंतूंची वाढ थांबते, पण ते मरतातच असं नाही.

जंतूंना वापरता येईल असं पाणी मालात किती आहे, हे जलक्रियाशीलता या मापाने सांगतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १. बहुतेक जिवाणूंना वाढायला ०.९१ च्या वर लागते, स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखा चिवट जिवाणू ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो, बऱ्याच बुरश्या ०.८० च्या खालीही पसरतात आणि ०.६० च्या खाली कुणाचीच वाढ होत नाही. म्हणून चांगलं वाळवलेलं चूर्ण बरणीत बिघडत नाही. पण जुलाब-ताप आणणारा साल्मोनेला हा जिवाणू त्या कोरड्या चूर्णात कित्येक महिने जिवंत पडून राहतो. एवढंच नव्हे, कोरड्या अवस्थेत तो उष्णतेलाही जास्त दाद देत नाही. पोटात ओलावा मिळाला की तो पुन्हा कामाला लागतो.

२०१८ साली अमेरिकेत क्रॅटम या वनस्पतीच्या उत्पादनांमुळे ४१ राज्यांत १९९ जणांना साल्मोनेलाची लागण झाली. ही उत्पादनं चूर्ण, कॅप्सूल, चहा अशा रूपांत घेतली गेली होती. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्या वेळी एका उत्पादकाला माल परत घेण्याचा सक्तीचा आदेश दिला. असा आदेश त्या संस्थेने प्रथमच काढला होता.

वाळवणाबद्दल अजून एक. खरा धोका असतो वाळण्याच्या मधल्या दिवसांत. जाड थर, ढगाळ हवा, अधूनमधून न परतलेला माल, आणि बुरशीला दोन-तीन दिवस मोकळं रान मिळतं. नंतर तो कितीही वाळवला तरी जे झालं ते पुसलं जात नाही.

प्रयोगशाळा नेमकं काय काय तपासते?

दोन मोजण्या आणि काही ठरावीक जंतूंचा शोध.

पहिली मोजणी हवेत वाढणाऱ्या एकूण जिवाणूंची, दुसरी यीस्ट आणि बुरशीची. ठरावीक जंतूंमध्ये तोंडावाटे घ्यायच्या उत्पादनांसाठी ई. कोलाय, साल्मोनेला आणि पित्त सहन करणारे, म्हणजे आतड्यात तगू शकणारे, ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू हे मुख्य. त्वचेवर लावायच्या उत्पादनांसाठी स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा. गरजेप्रमाणे क्लॉस्ट्रिडियम आणि कॅन्डिडा अल्बिकन्स.

ई. कोलाय का शोधतात, असं बरेच जण विचारतात. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात हे खरं. पण त्याचं घर म्हणजे माणसाचं आणि जनावरांचं आतडं. तो चूर्णात सापडला, तर कुठेतरी विष्ठेचा संपर्क आला हे उघड होतं, आणि त्याच वाटेने दुसरं काय आलं असेल हा पुढचा प्रश्न उभा राहतो.

रिपोर्टवर 'सीएफयू प्रति ग्रॅम' लिहिलेलं असतं. हा आकडा कसा काढतात?

१० ग्रॅम चूर्ण ९० मिलिलिटर निर्जंतुक बफरमध्ये मिसळतात. हे झालं दहापट विरलन. त्यातलं १ मिलिलिटर पुढच्या ९ मिलिलिटरमध्ये, म्हणजे शंभरपट. असं पुढे पुढे. प्रत्येक पायरीतलं १ मिलिलिटर पेट्री डिशमध्ये टाकून वर वितळलेलं आगर, म्हणजे जंतूंना वाढायला अन्न देणारी जेली, ओततात. हे आगर ४५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम नको. जास्त तापलेलं असेल तर जंतू तिथेच भाजतात आणि आकडा फसवा येतो. काम घाईत उरकणाऱ्याची चूक हमखास इथे होते.

जिवाणूंसाठी सोयाबीन-केसीन आगर, ३० ते ३५ अंशांवर ३ ते ५ दिवस. बुरशीसाठी सॅबुरो डेक्स्ट्रोज आगर, २० ते २५ अंशांवर ५ ते ७ दिवस. दरम्यान एकेक जिवंत जंतू वाढून डोळ्यांना दिसेल एवढी कॉलनी होते. समजा हजारपट विरलनाच्या प्लेटवर ८४ कॉलन्या मोजल्या, तर मूळ चूर्णात ग्रॅममागे ८४,००० सीएफयू. मोजणीसाठी जिवाणूंच्या प्लेटवर २५० पेक्षा कमी आणि बुरशीच्या प्लेटवर ५० पेक्षा कमी कॉलन्या असाव्यात. त्याहून दाट प्लेट मोजणं म्हणजे अंदाजपंचे.

सीएफयू म्हणजे कॉलनी तयार करणारा घटक. तो एक जंतू असेल किंवा एकमेकांना चिकटलेला पन्नास जंतूंचा पुंजका असेल, कॉलनी एकच दिसते. त्यामुळे ८४,००० हा आकडा रुपये-पैशांसारखा नेमका समजू नये. त्याच पिशवीतून पुन्हा नमुना घेतला तर ६०,००० येईल, एक लाखही येईल. दोन्ही बरोबर असू शकतात.

आणखी एक अडचण फक्त वनस्पतींच्या कामात येते. चूर्णाचे बारीक कण आगरात अडकतात आणि हुबेहूब कॉलन्यांसारखे दिसतात. यावर जुना उपाय असा, की एक जोडप्लेट तशीच बनवून फ्रीजमध्ये ठेवायची. तिच्यावर काही वाढत नाही. मोजायच्या वेळी दोन्ही शेजारी ठेवल्या की कण कुठले आणि कॉलन्या कुठल्या ते कळतं. दुसरा उपाय, आगरात टेट्राझोलियम क्लोराइड घालायचं. जिवंत जिवाणू त्याचा लाल रंग करतात, चूर्णाचा कण आहे तसाच राहतो.

आमच्या रिपोर्टवर '१० पेक्षा कमी' आलंय. माल एकदम स्वच्छ आहे ना?

असेलही. पण कच्च्या वनस्पतीच्या चूर्णावर असा आकडा दिसला की आम्हाला आनंद होण्याआधी शंका येते.

कारण बऱ्याच वनौषधी स्वतःच जंतुनाशक असतात. लवंग, दालचिनी, थाईम, लसूण, हळद यांच्यात जंतूंना रोखणारी द्रव्यं आहेत, आणि आपण त्या वापरतो त्यामागे हाही गुण आहे. तपासणीत हाच गुण आडवा येतो. चूर्णातलं द्रव्य प्लेटमध्येही उतरतं आणि जंतूंना वाढू देत नाही. जंतू जिवंतच असतात, फक्त दबून राहतात. प्लेट कोरी दिसते आणि रिपोर्टवर 'दहापेक्षा कमी' लिहिलं जातं. तेच चूर्ण पोटात गेल्यावर पाचकरसात विरळ होतं, दाब सुटतो आणि जंतूंना वाट मोकळी होते.

लवंगेच्या चूर्णाच्या प्लेटा ओळीने मांडून पाहिल्या की हे डोळ्यांनी दिसतं. पहिली, दहापट विरलनाची. झाकण उघडताच लवंगेचा वास येतो, आगर तपकिरी झालेलं, आणि त्यावर काहीच नाही. दुसरी, शंभरपट. दोन-तीन टाचणीच्या डोक्याएवढ्या, खुरटलेल्या कॉलन्या. तिसरी, हजारपट. आगर जवळजवळ पारदर्शक, वास गेलेला, आणि तीस-चाळीस टपोऱ्या कॉलन्या. नेहमीच्या नमुन्यात विरलन वाढेल तशा कॉलन्या दहाच्या पटीने घटायला हव्यात. इथे उलट त्या वाढत जातात. ज्याने फक्त पहिली प्लेट पाहिली त्याने 'स्वच्छ' लिहिलं. ज्याने तिसरी पाहिली त्याला ग्रॅममागे तीस-चाळीस हजार सापडले. चूर्ण तेच.

म्हणून प्रत्येक उत्पादनासाठी आधी पद्धतीचीच परीक्षा घ्यायची असते. तिला योग्यता चाचणी म्हणतात. उत्पादनाच्या द्रावणात मुद्दाम माहितीतले जंतू सोडायचे, जास्तीत जास्त १०० सीएफयू, आणि ते प्लेटवर परत मिळतात का पाहायचं. औषधकोश, म्हणजे औषधांचा दर्जा आणि तपासणीच्या पद्धती ठरवणारे अधिकृत ग्रंथ, यासाठी पाच जंतू सांगतात : स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास एरुजिनोसा, बॅसिलस सब्टिलिस, कॅन्डिडा अल्बिकन्स आणि ॲस्परजिलस ब्रासिलिएन्सिस. उत्पादनाशिवाय वाढलेल्या कॉलन्यांच्या निम्म्या ते दुप्पट, एवढ्या मर्यादेत ते परत मिळाले तर पद्धत चालेल. शंभर सोडले आणि चारच परत आले, तर त्या पद्धतीने काढलेल्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही.

मग उपाय करायचे. सर्वांत सोपा म्हणजे जास्त विरलन. दुसरा, द्रावणात पॉलिसॉर्बेट ८० आणि लेसिथिन घालून जंतुनाशक द्रव्याला बांधून टाकणं. तिसरा, ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पडद्यातून गाळून वर अडकलेले जंतू धुऊन घेणं आणि मग तो पडदाच आगरावर ठेवणं. अर्कांना हा शेवटचा उपाय छान लागू पडतो, भरड चूर्णाने मात्र पडदा तुंबतो.

ही चाचणी न करता दिलेला 'पास' रिपोर्ट मी पास मानत नाही. शिकणाऱ्यांनाही पहिल्या आठवड्यात हेच सांगते : काहीच न वाढलेली प्लेट दिसली की आधी विचारा, का नाही वाढलं?

साल्मोनेलासाठी '२५ ग्रॅममध्ये अनुपस्थित' असं का लिहितात? आकडा का देत नाहीत?

कारण इथे मोजायचं नसतं, आहे की नाही एवढंच ठरवायचं असतं. जंतू फार थोडे असतात, वाळून अर्धमेले झालेले असतात. थेट प्लेटवर टाकले तर उठणारच नाहीत. म्हणून आधी त्यांना सावरायला वेळ देतात.

२५ ग्रॅम माल साध्या पोषक द्रवात टाकून ३० ते ३५ अंशांवर १८ ते २४ तास ठेवतात. त्यातलं फक्त ०.१ मिलिलिटर रॅपापोर्ट-व्हॅसिलिआडिस द्रवात जातं, जिथे इतर बहुतेक जिवाणू मागे पडतात आणि साल्मोनेला पुढे सरकतो. तिथून एक्सएलडी आगरावर रेघा ओढतात. दुसऱ्या दिवशी लाल कॉलन्या, बऱ्याचदा मधोमध माशाच्या डोळ्यासारखा काळा ठिपका. तो काळा रंग जंतूने तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. ही अजून शंकाच असते. पुढे जैवरासायनिक किंवा रक्तद्रवीय चाचण्यांनी ओळख पटल्यावरच 'उपस्थित' लिहायचं.

इसबगोलासारखा चिकट, फुगणारा माल इथे फार त्रास देतो. नेहमीच्या नऊपट द्रवात टाकला की थोड्या वेळात बाटलीत खळ होते, पिपेट आत शिरत नाही. अशा मालाला कितीतरी जास्त द्रव लागतो. 'नेहमीप्रमाणे केलं' हे उत्तर इथे चालत नाही.

नमुना किती आणि कसा पाठवायचा?

जंतू मालात मिठासारखे एकसारखे विरघळलेले नसतात. ते ढेकळांत, कोपऱ्यांत, ओल लागलेल्या एका पोत्यात असतात. त्यामुळे वरच्या पोत्यातून मूठभर काढून पाठवलेला नमुना फक्त त्या मुठीची बातमी देतो.

थोडं गणित करून पाहा. समजा प्रत्येक किलोत साल्मोनेलाचा एकच जिवंत जंतू आहे आणि तोही कुठेही असू शकतो. २५ ग्रॅमच्या एका नमुन्यात तो सापडण्याची शक्यता अवघी अडीच टक्के. म्हणजे असा माल शंभर वेळा तपासला तर साधारण सत्त्याण्णव वेळा 'अनुपस्थित' येईल, आणि प्रयोगशाळेने काहीही चुकवलेलं नसेल. तेच वेगवेगळ्या जागांहून घेतलेले २५ ग्रॅमचे ६० नमुने, मिळून दीड किलो तपासलं, तर शक्यता ७८ टक्क्यांच्या आसपास जाते. 'अनुपस्थित' म्हणजे तपासलेल्या तेवढ्या मालात सापडला नाही. पूर्ण लॉटची हमी नव्हे.

त्यामुळे अनेक पोती उघडा, वरून-मधून-तळातून घ्या. निर्जंतुक चमचा आणि सीलबंद निर्जंतुक पिशवी वापरा. घरातली धुतलेली बरणी नको. ओल आलेलं किंवा वेगळ्या वासाचं पोतं दिसलं तर त्याचा नमुना स्वतंत्र द्या, चांगल्यात मिसळून लपवू नका. प्रयोगशाळेला देताना लॉट क्रमांक, नमुना घेतल्याची तारीख आणि माल कसा वापरला जाणार आहे ते लिहा. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि मर्यादा तर तिच्यावरच ठरते.

मर्यादा किती असतात?

वापराच्या पद्धतीवर अवलंबून. युरोपियन औषधकोशाने तोंडावाटे घ्यायच्या वनौषधी उत्पादनांचे तीन गट केले आहेत.

ज्यावर वापरण्यापूर्वी उकळतं पाणी ओतायचं असतं त्या मालाला ग्रॅममागे एकूण जिवाणू १ कोटी, यीस्ट-बुरशी १ लाख आणि ई. कोलाय १,००० पर्यंत चालतात. अर्क काढताना किंवा आधीच्या प्रक्रियेत जंतू कमी होतात अशा उत्पादनांना मर्यादा सर्वांत कडक : जिवाणू १० हजार, यीस्ट-बुरशी १००, पित्त सहन करणारे ग्रॅम-निगेटिव्ह १००, आणि १ ग्रॅममध्ये ई. कोलाय अजिबात नको. ज्या उत्पादनात जंतू एवढे कमी करणं जमत नाही, उदाहरणार्थ साधं चूर्ण, त्याला जिवाणू १ लाख, यीस्ट-बुरशी १० हजार, पित्त सहन करणारे १० हजार, आणि ई. कोलाय इथेही १ ग्रॅममध्ये नको. साल्मोनेला मात्र तिन्ही गटांत २५ ग्रॅममध्ये नसलाच पाहिजे. त्यात सूट नाही.

या मर्यादा वाचताना एक बारकावा लक्षात ठेवा. मोजणीतली अनिश्चितता धरून औषधकोश इथे पाचपटीपर्यंत मोकळीक देतो, म्हणजे १ लाखाच्या मर्यादेला ५ लाखांपर्यंतचा आकडा पास धरला जातो. नियमाने ते योग्यच आहे. तरीही ज्याचा प्रत्येक लॉट चार लाखांवर येतो, त्याने आपलं वाळवण आणि दळण तपासायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

आम्ही तर काढा उकळूनच घेतो. मग तपासणीची काय गरज?

उकळी नीट आली आणि काही मिनिटं टिकली तर साल्मोनेला, ई. कोलाय मरतात. पण दोन गोष्टी विसरू नका.

एक, सगळे जण उकळत नाहीत. ऑक्टोबर २००२ ते जुलै २००३ या काळात जर्मनीत तेरा महिन्यांखालच्या ४२ बाळांना साल्मोनेला अगोनाची लागण झाली. माग काढल्यावर तो बडीशेपेच्या जातीच्या ॲनिस या वनस्पतीच्या बियांपर्यंत पोचला. या बियांचा चहा बाळांचं पोट शांत करायला देतात. पाणी नुसतं गरम असलं, भांड्यात ओतता ओतता आणखी निवलं, की कोरड्या बीवरचा जंतू वाचतो.

दोन, बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम यांचे बीजाणू, म्हणजे कठीण काळात तग धरणारी त्यांची सुप्त रूपं, उकळीतूनही वाचतात. आम्ही क्लॉस्ट्रिडियम शोधताना नमुना मुद्दाम ८० अंशांवर १० मिनिटं तापवतो, म्हणजे बाकीचे मरावेत आणि बीजाणू उरावेत. यावरून त्यांचा चिवटपणा लक्षात यावा. काढा उकळून ओट्यावर दिवसभर तसाच कोमट ठेवला, तर हे उरलेले बीजाणू जागे होतात. ताजा करा, लगेच प्या, उरला तर गार जागी ठेवा.

बुरशी डोळ्यांना दिसत नाही, मोजणीही कमी आली. अफ्लाटॉक्सिन वेगळं तपासायचं का?

हो. मुळं, बिया, फळं असलेल्या मालात तर नक्की.

अफ्लाटॉक्सिन हे ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरश्यांनी सोडलेलं विष. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी एका अनोळखी रोगाने मेले. शोध घेता घेता खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचले आणि हे विष जगाला कळलं. ते यकृतावर आघात करतं, कर्करोग घडवतं. आणि उकळून, वाफवून, किरणोत्सर्ग देऊन ते सहजी जात नाही.

बुरशी मारली तरी तिने आधी सोडलेलं विष मागे राहतं. त्यामुळे बुरशीची मोजणी शून्य आणि अफ्लाटॉक्सिन जास्त, असा रिपोर्ट अगदी शक्य आहे. निर्जंतुक केलेल्या मालात तर विशेष. ही तपासणी प्लेटवर होत नाही, मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर होते. युरोपियन औषधकोशाची मर्यादा किलोमागे बी-१ साठी २ मायक्रोग्रॅम आणि चारही प्रकार मिळून ४ मायक्रोग्रॅम. ज्येष्ठमधाच्या मुळात ऑक्राटॉक्सिन-ए हे दुसरं बुरशीविषही पाहतात.

तेल, लेप, क्रीम, सिरप यांची तपासणी वेगळी असते का?

लावायच्या उत्पादनांना मर्यादा कडक : साधारणपणे ग्रॅममागे जिवाणू १००, यीस्ट-बुरशी १०, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्यूडोमोनास एरुजिनोसा १ ग्रॅममध्ये नकोत. लेप फुटलेल्या, सोललेल्या त्वचेवर जातो हे लक्षात घ्या.

शुद्ध तेलात पाणी नसल्याने वाढ होत नाही. पाणी असलेल्या क्रीम-सिरपमध्ये मात्र ती होते, बाटली उघडल्यानंतरही होते. म्हणून तिथे माल टिकवण्यासाठी घातलेला परिरक्षक टिकतो का, याची वेगळी २८ दिवसांची चाचणी करतात. पाण्यातून येणाऱ्या बर्खोल्डेरिया सेपेशिया गटाच्या जिवाणूंकडेही पाहावं लागतं. काही परिरक्षकांना ते जुमानत नाहीत.

नमुना नापास झाला. परत एकदा तपासून बघता येईल का?

हे विचारताना उत्पादकाच्या चेहऱ्यावर किती काळजी असते ते मी पाहिलं आहे. माल अडकलेला असतो, ऑर्डर तोंडावर असते. तरीही उत्तर सरळच द्यावं लागतं.

प्रयोगशाळेत चूक झाल्याचा पुरावा असेल, उदाहरणार्थ नियंत्रण प्लेटवरच वाढ झाली किंवा इनक्युबेटरचं तापमान बिघडलं, तर ती तपासणी रद्द करून नव्याने करायची. तसा पुरावा नसेल तर पहिला निकाल कायम. साल्मोनेला एकदा सापडला आणि दुसऱ्यांदा सापडला नाही, तर माल चांगला ठरत नाही. वरचं अडीच टक्क्यांचं गणित आठवा. दुसऱ्यांदा न सापडणं हेच जास्त संभवनीय असतं. पास येईपर्यंत तपासत राहणं, किंवा एका प्रयोगशाळेने नापास केलं म्हणून तोच माल दुसरीकडे पाठवणं, याची किंमत ते चूर्ण घेणारं कुणाचं तरी लेकरू मोजतं.

मग नापास माल निर्जंतुक करून वापरता येतो का?

मोजणी जास्त असेल आणि विष नसेल, तर काही वेळा येतो. वाफेची प्रक्रिया सर्वांत साधी, पण सुगंधी तेलं उडतात, रंग उतरतो, पाला काळवंडतो. गॅमा किरणांनी कोरड्या मालातले जंतू चांगले मरतात. अन्नासाठी १० किलोग्रेपर्यंतची (किलोग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा सुरक्षित असल्याचा निष्कर्ष १९८० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने काढला. मात्र त्याची परवानगी आणि लेबलवरची नोंद हे त्या त्या ठिकाणच्या नियमांनुसार. इथिलीन ऑक्साइड वायू टाळा. तो स्वतः कर्करोगकारक आहे, मालात त्याचे अवशेष राहतात आणि युरोपीय संघात खाद्यपदार्थांसाठी त्यावर बंदी आहे.

निर्जंतुकीकरणाने घाण नाहीशी होत नाही, घाणीतले जंतू मरतात. म्हणून जंतू कुठून आले ते शोधल्याशिवाय पुढचा लॉट घेऊ नका.

पीसीआरने काही तासांत निकाल मिळतो म्हणे. मग प्लेट कशाला?

पीसीआर, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणारी चाचणी, वेगवान आहे आणि साल्मोनेलाच्या शोधात खूप उपयोगीही. पण ती डीएनए ओळखते, आणि डीएनए मेलेल्या जंतूचाही असतो. शिवाय वनस्पतींमधली टॅनिन आणि पॉलिफेनॉल द्रव्यं पीसीआरलाच अडवतात आणि असलेला जंतूही 'नाही' दिसतो. म्हणून तिथेही आधी पोषक द्रवात वाढ करून घ्यावी लागते, अडथळा ओळखणारं अंतर्गत नियंत्रण ठेवावं लागतं आणि सकारात्मक निकाल प्लेटवर पडताळावा लागतो.

रिपोर्टला किती दिवस लागतात?

बुरशीच्या प्लेटा ५ ते ७ दिवस, साल्मोनेलाची ओळख पटवायची असेल तर साधारण तेवढेच. नव्या उत्पादनाची योग्यता चाचणी आधी करायची म्हणून पहिल्या वेळी जास्त. दोन दिवसांत पूर्ण रिपोर्ट देतो म्हणणाऱ्याला बुरशी कशी वाढवता ते विचारा.

प्रयोगशाळा निवडताना काय पाहावं?

आयएसओ १७०२५ हे प्रयोगशाळांच्या तपासणी-क्षमतेचं मानांकन आहे का पाहाच, पण त्याच्या व्याप्तीत ही चाचणी आणि वनौषधींचा प्रकार येतो का, तेही पाहा. मग एकच प्रश्न विचारा : आमच्या उत्पादनाची योग्यता चाचणी केली आहे का, आणि तिचे आकडे दाखवाल का? चांगली प्रयोगशाळा या प्रश्नाने खूश होते.

विकत घेणाऱ्याला बघून, वास घेऊन काही कळतं का?

बुरशीचा कुबट वास, गोळे, जाळी, कीड दिसली तर घेऊ नका. पण साल्मोनेला असलेलं चूर्ण दिसायला-वासाला अगदी चांगल्या चूर्णासारखंच असतं. लेबलवर लॉट क्रमांक आणि मुदत हवी. उत्पादकाकडे त्या लॉटचा रिपोर्ट मागा, जुना एखादा 'नमुना रिपोर्ट' नको. ओला चमचा बरणीत घालू नका. बाळाला किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला कच्चं चूर्ण देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एक लॉट पास झाला. पुढच्या प्रत्येक लॉटची तपासणी करायची का?

हो. तीच वनस्पती, तोच शेतकरी, तेच दळणयंत्र असलं तरी या वेळचा पाऊस वेगळा होता, पोती वेगळी होती, वाळवायला दोन दिवस जास्त लागले. प्रत्येक लॉटचे आकडे एका वहीत ओळीने लिहून ठेवा. २०, ३५, ६०, ९० हजार अशी चढती रांग दिसली, तर सगळे पास असतानाच तुम्हाला कळतं की कुठेतरी ओल शिरली आहे, आणि तेव्हा गोदामाचं छप्पर बघून यायला अजून वेळ असतो.